स्विस चार्डमधला ‘स्विस’ आणि आईचा पालक



मागच्या महिन्यात आमच्या विभागातली एमएस्सीची एक ज्युनिअर तिच्या प्रोजेक्टचा मसुदा घेऊन आली. “ताई, प्रस्तावना फक्त एकदा बघून द्या ना.” दुसऱ्याच पानावर एक वाक्य होतं : स्विस चार्ड या भाजीला हे नाव कोख या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञामुळे मिळालं. पुढे कंसात संदर्भ होता, आणि तो माझाच होता. दोन वर्षांपूर्वी मी विभागात सेमिनार दिला होता, त्याच्या हँडआउटमधून तिने ते वाक्य जसंच्या तसं घेतलं होतं.

वाक्य माझं होतं आणि ते चुकीचं होतं. ते चुकीचं आहे हे मला तोवर कळलेलंही होतं. फक्त मी ते कुणाला सांगितलं नव्हतं, कारण विचारलं कुणी नव्हतं. तिला मसुदा दुरुस्त करायला सांगितला, माझी चूक कबूल केली. पण हँडआउटच्या पंचवीस प्रती निघाल्या होत्या. बाकीच्या चोवीस कुठे आहेत ते मला माहीत नाही. म्हणून हा लेख. यात एका पालेभाजीच्या नावाचा इतिहास आहे; पण पेटची, नेटची तयारी करणाऱ्या किंवा पहिलाच रिव्ह्यू लिहायला बसलेल्या तुमच्यासारख्यांना त्या इतिहासापेक्षा त्याच्याकडे जाण्याची वाट जास्त उपयोगी पडेल असं वाटतं.

भाजी गच्चीवर कशी आली

माझा पीएचडीचा विषय पालेभाज्यांमधली बेटालेन ही रंगद्रव्यं. बीटाचा लालभडक रंग ज्यामुळे येतो तीच ही. बहुतेक फुलाफळांचा लाल-जांभळा रंग अँथोसायनिनमुळे असतो, पण बीट, माठ, बोगनवेल, निवडुंग या मंडळींमध्ये त्याऐवजी बेटालेन असतात. एकाच वनस्पतीत दोन्ही सापडत नाहीत. स्विस चार्डचे देठ पांढरे, पिवळे, नारिंगी, गुलाबी, लाल असे सगळ्या रंगांत मिळतात, त्यामुळे तो माझ्या कामाचा. पण बाजारात मिळणारी जुडी महाग, दोन दिवसांची शिळी, आणि कुठल्या वाणाची ते विकणाऱ्यालाही माहीत नसलेली. मग बियांचं पाकीट आणलं आणि पुण्यात मी भाड्याने राहते तिथल्या गच्चीवर सहा कुंड्या लावल्या.

ऑक्टोबरच्या मध्यावर, पाऊस पूर्ण थांबल्यावर बी टाकलं. माती आणि शेणखत सारखं, बी साधारण एक-दीड सेंटिमीटर खोल, दोन रोपांत एक वीत अंतर. आठवड्याभरात रोपं दिसायला लागली आणि मी गोंधळले. मी एका जागी एकच बी टाकलं होतं, उगवली होती दोन-दोन, तीन-तीन. वाटलं, आपल्याच हातून जास्त पडलं असेल.

त्याच सुमारास तो सेमिनार होता. पहिल्या स्लाइडवर काहीतरी रंजक हवं म्हणून मी नेटवर शोधलं. ‘स्विस’ कशामुळे? उत्तर पाच मिनिटांत मिळालं : एकोणिसाव्या शतकात कोख नावाच्या स्विस शास्त्रज्ञाने या वनस्पतीचं शास्त्रीय नाव ठरवलं, त्याच्या देशाच्या सन्मानार्थ ‘स्विस’. दहा-बारा ठिकाणी हेच, थोड्याफार फरकाने. मी ते टाकलं. सेमिनारनंतर आमच्या मॅडमनी एवढंच विचारलं, “कोखचं मूळ पुस्तक पाहिलंस का गं?” मी म्हटलं, “बऱ्याच ठिकाणी तसंच दिलंय, मॅडम.” त्या काही बोलल्या नाहीत. तेव्हा मला वाटलं, सुटले.

आईने बी हातात घेतलं

डिसेंबरात आई गावाहून आली. गच्चीवर गेली, कुंड्या बघितल्या, उरलेल्या बियांचं पाकीट तळहातावर ओतलं आणि म्हणाली, “अगं, हे तर पालकाचं बी.”

मी हसले. “आई, पालक वेगळा. हा स्विस चार्ड आहे.”

“असेल. पण बी पालकाचंच आहे. आपल्या मळ्यात एवढी वर्षं टाकलंय मी. हे असंच, खडबडीत, मिरीएवढं. आणि एका बियाला दोन-तीन उगवतात, मग विरळणी करावी लागते.”

तेव्हा मी तिला चक्क समजावून सांगितलं. पालक म्हणजे स्पिनॅशिया ओलेरेशिया, आणि चार्ड म्हणजे बीटा वल्गारिस. दोन्ही वेगळ्या प्रजाती, नुसत्या प्रजातीच नव्हे, वेगळी कुळं... इथे मी अडखळले. कारण कूळ एकच आहे, ॲमरँथेसी, हे मला माहीत होतं. बोलण्याच्या भरात मी आणखी एक चूक करत होते. आई म्हणाली, “बरं बाई,” आणि जुन्या पानांची काढणी करायला लागली.

पण तिचं ते दोन-तीन उगवण्याचं वाक्य डोक्यातून जाईना. कारण ते मी स्वतः पाहिलं होतं आणि माझ्या हाताची चूक म्हणून सोडून दिलं होतं.

बीटाचं ‘बी’ हे खरं तर बी नसतंच. दोन ते पाच फुलं शेजारी-शेजारी उमलतात आणि फळं तयार होताना एकमेकांना चिकटून त्यांची एक टणक, बुचासारखी गाठ बनते. त्या गाठीत प्रत्येक फळाचं एकेक बी असतं. ती गाठ पेरली की रोपांचा झुबका येतो. साखरेच्या बीटाची शेती करणाऱ्या युरोप-अमेरिकेत या झुबक्यांची विरळणी हे मजुरांचं कंबर मोडणारं काम होतं. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये सावित्स्की नावाच्या पैदासकाराला एका जागी एकच बी धरणारी बीटाची झाडं सापडली, तेव्हा कुठे त्यातून सुटकेचा रस्ता निघाला. स्पिनॅशियाचं बी मात्र सुटं असतं, एका बियाला एक रोप.

आता आईच्या मळ्यातल्या पालकाला झुबके येत असतील, तर तो स्पिनॅशिया कसा?

दुसऱ्या दिवशी मी ग्रंथालयात जाऊन भाजीपाला पिकांवरची भारतीय पाठ्यपुस्तकं काढली. तिथे साध्या सरळ शब्दांत लिहिलं होतं. पालक : बीटा वल्गारिस, प्रकार बेंगालेन्सिस. विलायती पालक : स्पिनॅशिया ओलेरेशिया. ‘ऑल ग्रीन’, ‘पुसा ज्योती’ हे आपल्याकडचे माहितीतले पालकाचे वाण पहिल्या गटातले. ‘पुसा हरित’ तर साखरेचं बीट आणि स्थानिक पालक यांच्या संकरातून आलेला. दोन वेगळ्या प्रजाती असत्या तर हा संकर इतक्या सहजी जमला नसता.

म्हणजे आईने बी बघून जे सांगितलं, ते बरोबर होतं. मी जे इंग्रजीतलं ‘स्पिनॅच’ बरोबर ‘पालक’ असं शाळेपासून धरून चालले होते, ते कच्चं होतं. भाषांतर झालं की वस्तूही एकच झाली असं मी गृहीत धरलं होतं.

मग ‘स्विस’चं काय?

एक गृहीतक पडलं की दुसऱ्याकडे बघण्याची हिंमत येते. मॅडमचा प्रश्न आठवला आणि मी कोखच्या मागे लागले.

वनस्पतींच्या शास्त्रीय नावापुढे ते नाव कुणी दिलं त्याचं संक्षिप्त नाव लावतात. चार्डच्या नावापुढे काही ग्रंथांत कंसात लिनेअस आणि कंसाबाहेर कोख असं येतं. याचा अर्थ, आधी लिनेअसने नाव दिलं आणि कोखने त्याचा दर्जा किंवा जागा बदलली. हे दोन शब्द वाचायला मला एमएस्सीत शिकवलं होतं. वापरायची वेळ आली तेव्हा मी ते वाचलेच नव्हते.

एकोणिसाव्या शतकात वनस्पतिशास्त्रात कोख आडनावाचे दोन मोठे लोक होते. विल्हेल्म दानिएल योझेफ कोख, जन्म १७७१, जर्मनीतल्या कुसेल गावचा, पुढे एर्लांगेनला प्राध्यापक, मृत्यू १८४९. आणि कार्ल कोख, जन्म १८०९, वायमारजवळचा, मृत्यू १८७९ मध्ये बर्लिनला. दोघांतला कुठलाही घ्या, स्विस कुणीच नाही. दोघेही जर्मन.

मग स्वित्झर्लंड आलं कुठून? पहिल्या कोखच्या १८३५ ते १८३७ दरम्यान निघालेल्या प्रसिद्ध ग्रंथाचं लॅटिन नाव पाहिलं तेव्हा मला एक शक्यता दिसली. ‘सिनॉप्सिस फ्लोरे गेर्मानिके एत हेल्वेतिके’, म्हणजे जर्मनी आणि स्वित्झर्लंडच्या वनस्पतींचा आढावा. शीर्षकात हेल्वेतिया दिसलं म्हणून कुणीतरी लेखकालाच स्विस करून टाकलं असेल. हा माझा अंदाज आहे, आणि तो मी अंदाज म्हणूनच लिहिते आहे. पण कोख स्विस नव्हता, हा अंदाज नाही. त्याच्या जन्मगावाची नोंद आहे.

आणि हे सगळं न शोधताही शंका यायला हवी होती. चार्ड, बीट, साखरेचं बीट, आपला पालक, या सगळ्यांचा रानटी पूर्वज म्हणजे सी बीट. ती भूमध्य समुद्राच्या आणि युरोपच्या अटलांटिक किनाऱ्यावर, खारट वाऱ्यात वाढणारी वनस्पती. स्वित्झर्लंडला समुद्रच नाही. तिथे हे पीक नंतर गेलं असणार.

एकाच पानाला प्रत्येकाने दुसऱ्याचं गाव दिलं

पुढचे दोन आठवडे रात्री जेवण झालं की मी हेच वाचत होते. त्यातून जो इतिहास दिसला तो असा.

इसवी सनापूर्वी ३०० च्या आसपास ग्रीसमध्ये थिओफ्रास्टसने वनस्पतींवर ग्रंथ लिहिला. त्यात बीटाचे दोन प्रकार येतात, काळा आणि पांढरा, आणि पांढऱ्याला काही लोक ‘सिसिलीचा’ म्हणतात असं तो नोंदवतो. रोमन लेखक प्लिनीही पहिल्या शतकात हेच सांगतो. म्हणजे सव्वादोन हजार वर्षांपूर्वीही या भाजीच्या नावात एक परगाव होतंच, फक्त ते स्वित्झर्लंड नव्हतं. शास्त्रीय नावातल्या ‘सिक्ला’ या शब्दाचा संबंध त्या सिसिलीशीच जोडला जातो.

अरबीत ही भाजी ‘सिल्क’. अरब स्पेनमध्ये गेले, आणि तिथे ‘अस्-सिल्क’चं ‘आसेल्गा’ झालं; स्पेनमध्ये आजही चार्डला हेच नाव आहे. अरबी शब्दही मुळात ग्रीकांच्या ‘सिसिलीची’ या शब्दापासून आला असावा असं व्युत्पत्ती देणारे म्हणतात, पण ‘कदाचित’ लावून. हा ‘कदाचित’ लक्षात ठेवा. एका लेखातून दुसऱ्या लेखात जाताना सगळ्यात आधी गळतो तो हाच शब्द.

इसवी सन ८०० च्या सुमारास फ्रँक राज्यात राजाच्या मळ्यांत काय-काय लावायचं याची यादी निघाली, ‘कापितुलारे दे विलिस’. त्यात ‘बेतास’ आहे. युरोपातल्या वाड्या-मळ्यांत ही पालेभाजी रुळलेली होती याचा तो चांगला पुरावा.

‘चार्ड’ शब्दाची गंमत वेगळीच. तो फ्रेंच ‘कार्द’वरून आला आणि तो लॅटिन ‘कार्दुउस’वरून, म्हणजे काटेरी झुडूप. कार्डून नावाची एक काटेरी भाजी आहे, तिचे मांसल देठ खातात. त्या देठांना ‘कार्द’ म्हणायचे. बीटाचेही तसेच जाड देठ खाल्ले जायला लागले तेव्हा नाव इकडे आलं. म्हणजे ‘चार्ड’ हे नावही मूळचं या भाजीचं नाही, शेजाऱ्याकडून आणलेलं आहे.

पुढे याच प्रजातीने जगाचा व्यापार हलवला. १७४७ मध्ये बर्लिनमध्ये मार्गग्राफने बीटाच्या मुळातून मिळणारी साखर उसाच्याच साखरेसारखी आहे हे दाखवलं. त्याचा शिष्य आखार्ड याने एकोणिसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला सायलेशियातल्या कुनेर्न इथे बीटापासून साखर काढणारा कारखाना उभा केला. पान, कंद आणि साखर, तिन्ही एकाच प्रजातीची, माणसाने निवड करत-करत वेगळी केलेली रूपं.

आणि खुद्द स्वित्झर्लंडमध्ये? तिथे ही भाजी आवडीने खातात. ग्राउब्युंडेन भागात तिच्या पानात पिठाचा गोळा गुंडाळून ‘कापुन्स’ करतात, आपल्या अळूवडीच्या दूरच्या नात्यातला म्हणता येईल असा पदार्थ. पण स्विस जर्मन बोलणारे तिला ‘क्राउटश्टील’ म्हणतात, ‘पाल्याचा देठ’. आपल्याच भाजीला तिथे कोण कशाला ‘स्विस’ म्हणेल? ऑस्ट्रेलियात हीच ‘सिल्व्हर बीट’. दक्षिण आफ्रिकेत तर बाजारात ‘स्पिनॅच’ म्हणून मागितलं की बहुतेक वेळा चार्डच हातात पडतो.

आपणही यात मागे नाही. सिमला मिरची सिमल्याची नाही. ती मिरचीच, आणि मिरचीचं मूळ अमेरिका खंडातलं. विलायती चिंच मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडची. इंग्रजीत तिलाच ‘मनिला टॅमरिंड’ म्हणतात, म्हणजे तिसरंच गाव. विलायती पालक तर इराण-मध्य आशियाकडचा. सातव्या शतकात, ६४७ साली, नेपाळच्या राजाने तो चीनच्या सम्राटाला भेट पाठवल्याची नोंद आहे. आपल्याकडे ‘विलायती’ म्हणजे तेवढं ‘आपलं नव्हे ते’.

नावातलं गाव बहुतेक वेळा भाजी कुठे जन्मली ते सांगत नाही. ती नाव ठेवणाऱ्याला कुठून आल्यासारखी वाटली, ते सांगतं. इतिहास म्हणून तीही माहितीच आहे, फक्त वेगळ्या प्रश्नाचं उत्तर.

आईचंही पूर्ण बरोबर नव्हतं

हे लिहिलं नाही तर मी पुन्हा तीच चूक करेन. आईचं म्हणणं होतं, बी पालकाचंच आहे. प्रजाती एक, हे खरं. पण चार्ड आणि पालक एक नव्हेत. आई दर वर्षी मळ्यात दोन-चार झाडं राखून पालकाचं बी घरीच धरते. माझ्या चार्डने दोन हिवाळे झाले तरी फुलोरा धरलेला नाही. युरोपातली बीटं फुलायला चांगली लांब थंडी मागतात. म्हणूनच आपल्याकडे बीटाचं बी थंड डोंगराळ भागात तयार करतात, आणि पालकाचं मात्र मैदानात होतं. आपल्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या बी राखत जे झाड घडवलं, ते कमी थंडीतही फुलतं. ही काही लहानसहान गोष्ट नाही, आणि तिच्यावर पैदासकाराचं नाव नाही.

बाजारातली जुडी बीटाची की स्पिनॅशियाची, हे पारखायचं असेल तर ती पेरून बघावी लागते. बी गाठीचं की सुटं, झुबका येतो की एक रोप, आणि फुलं आली तर एकाच झाडावर नर-मादी दोन्ही अवयव असलेली फुलं आहेत (बीट) की नर आणि मादी झाडं बहुतेक वेगवेगळी (स्पिनॅशिया). संस्कृत निघंटूंमध्ये ‘पालंक्या’ येते. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशातही ती शाकवर्गात आहे. पण नुसत्या नावावरून ती यातली कुठली हे ठरवायला मी आता धजणार नाही.

तुमच्यासाठी तीन गोष्टी

एक. दहा ठिकाणी तेच दिलंय म्हणजे दहा पुरावे नव्हेत. बहुधा ती एकाच कागदाची दहा झेरॉक्स असतात. मूळ कागद शोधा. तो सापडला नाही तर वाक्य गाळा. माझ्या प्रबंधाच्या प्रस्तावनेत ‘स्विस’चं कारण आता दिलेलंच नाही. त्या ओळीवाचून काही अडलं नाही.

दोन. तुमच्या निरीक्षणात न बसणारं काही दिसलं, तर ‘माझीच चूक असेल’ म्हणून सोडू नका. नोंदवहीत लिहा. एका बियाला तीन रोपं हे मी ऑक्टोबरात लिहून ठेवलं असतं, तर डिसेंबरात आईला शहाणपण शिकवायला गेले नसते.

तीन. आपली चूक कळली की ती सांगा, कुणी विचारेपर्यंत थांबू नका. मला दोन वर्षं लागली, आणि तेवढ्यात ती एका मुलीच्या प्रोजेक्टपर्यंत पोचली. तिचा मार्गदर्शक मध्ये असता तर बोलणी तिने खाल्ली असती, मी नाही.

जाता जाता, चार्ड मिळालाच तर करायचं काय? आईने त्या डिसेंबरात केलं तेच सांगते. चाकवतही याच कुळातला, म्हणून ताकातल्या चाकवतासारखीच करायची. मूठभर हरभरा डाळ आणि शेंगदाणे भिजवून घ्यायचे. देठ बारीक चिरून डाळ-दाण्यांबरोबर आधी शिजत लावायचे, पानं मागून घालायची, कारण देठांना वेळ जास्त लागतो. शिजलं की रवीने हलकं घोटायचं. आंबट ताकात चमचाभर बेसन कालवून ते ओतायचं, मीठ, चिमूटभर गूळ, आणि सतत ढवळत एक उकळी, नाहीतर ताक फुटतं. वरून तुपाची फोडणी : जिरं, हिंग, लसूण, सुकी लाल मिरची. देठ लाल असतील तर भाजी गुलाबी होते, ते आमचं बेटालेन. पाण्यात उतरतं.

आई जेवताना म्हणाली, “चव पालकासारखीच आहे, जरा उग्र.” या वेळी मी तिला दुरुस्त केलं नाही. वहीत लिहून घेतलं.

आणि हो, त्या चोवीस प्रतींपैकी एखादी तुमच्याकडे असेल, तर पहिल्या पानावरची तिसरी ओळ खोडा.